सातव्या महिन्यात कानाला दडा बसलाय. आईसारखं माझंही ऐकणं जाईल का?

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुमचं वय 28, पहिलंच गरोदरपण, सातवा महिना चालू आहे. तीन आठवड्यांपासून उजव्या कानाला दडा बसल्यासारखं वाटतं, स्वतःचाच आवाज घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येतात. फोन आता नकळत डाव्या कानाला लागतो. तुमच्या आईचं ऐकणं धाकट्या भावाच्या जन्मानंतर कमी होत गेलं आणि आज 54व्या वर्षी त्या समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलतात. सासूबाई म्हणतात, "दिवस गेल्यावर होतंच असं, बाळंत झालीस की जाईल." मावशी म्हणतात, "तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं." आणि तुम्ही विचारलंय, मी बहिरी होईन का, दुसऱ्या मुलाचा विचार करू की नको?

मी सातारा जिल्ह्यात 24 वर्षं कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून काम करते. तुमच्यासारखी तक्रार घेऊन गरोदर बायका नेहमी येतात आणि त्यांतल्या बहुतेकींचं बाळंतपणानंतर पूर्ण बरं होतं. म्हणजे सासूबाईंचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं ठरण्याची शक्यता आहे. पण मला खटकतंय ते वेगळंच. तीन आठवड्यांत तुम्हाला सल्ले भरपूर मिळाले, पण तुमचं ऐकणं अजून कुणी मोजलेलं नाही. कानाला दडा बसणं ही फक्त जाणीव झाली. ऐकू कमी येतंय की नाही, येत असेल तर कानाच्या कोणत्या भागामुळे, हे त्या जाणिवेवरून मलाही सांगता येत नाही, तुमच्या सासूबाईंनाही नाही.

आधी घाईचं सांगून टाकते. ऐकणं अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, एका कानाने खाली आलं असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे. आतल्या कानाच्या नसेला असा झटका गरोदरपणात क्वचितच बसतो. पण बसला तर स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त होतो, नंतर तो झपाट्याने कमी होत जातो. गरोदर आहे म्हणून औषध देताच येणार नाही, असंही नसतं. पडद्यातून बारीक सुईने मधल्या कानात औषध सोडता येतं, ते रक्तात फारसं उतरत नाही. गोळ्या द्यायच्या झाल्या तर तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून, साखर आणि बीपी बघून ठरवतात.

हे इतकं ठासून सांगण्याचं कारण आहे. प्रॅक्टिसच्या पहिल्या काही वर्षांत आठव्या महिन्यातली एक बाई माझ्याकडे आली होती. सकाळी उठल्यापासून डावा कान बंद. मी दुर्बिणीतून पाहिलं, पडदा स्वच्छ होता, नाक चोंदलेलं होतं. सर्दीमुळे आहे, बाळंतपणानंतर मोकळा होईल, असं सांगून मी तिला घरी पाठवलं. ती बाळ महिन्याचं झाल्यावर परत आली. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकणं मोजणारा आलेख काढला, नसेचं ऐकणं गेलेलं होतं, आणि ते पुढे आलं नाही. त्या दिवसानंतर दडा बसलाय म्हणणाऱ्या एकाही रुग्णाला मी कंपनकाटा, म्हणजे वाजवला की घुमणारा धातूचा दुहेरी काटा, लावल्याशिवाय सोडलेलं नाही.

कंपनकाट्याचं काम थोडंफार तुम्हाला घरीही करता येईल. शांत खोलीत बसा, तोंड मिटा आणि "म्म्म्म" असा गुणगुणता आवाज काढा. आधी सराव म्हणून एक कान बोटाने बंद करून बघा, आवाज त्या बंद कानातच जास्त घुमेल. आता बोट काढून पुन्हा करा. आवाज उजव्या, म्हणजे दडा बसलेल्या कानात जास्त घुमत असेल, तर अडचण बहुधा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे आणि चार-आठ दिवस इकडे-तिकडे झाले तरी चालेल. तो डाव्या, चांगल्या कानाकडे ओढला जात असेल, तर उद्यावर न टाकता आजच डॉक्टरांकडे जा. मध्यभागी ऐकू आला तर घाबरू नका, पण तपासणी करून घ्याच. ही काही पक्की तपासणी नव्हे, नंबर कधीचा घ्यायचा एवढं ठरवण्यापुरती ती पुरते.

आता सगळ्यात जास्त दिसणाऱ्या कारणाकडे येते. गरोदरपणात इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन वाढतं, शरीरातलं रक्त चाळीस ते पन्नास टक्क्यांनी वाढतं, आणि नाकाच्या आतलं अस्तर सुजून जाड होतं. सर्दी नसताना महिना-दीड महिना नाक चोंदलेलं राहतं आणि बाळंतपणानंतर दोन आठवड्यांत आपोआप मोकळं होतं. नाकाच्या मागून मधल्या कानाकडे एक नळी जाते. आपण आवंढा गिळतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि कानातला हवेचा दाब सारखा करते. अस्तर सुजलं की ही नळी नीट उघडत नाही. मग खंबाटकीचा घाट उतरताना कानाला जसे दडे बसतात तसे बसतात, फरक इतकाच की घाट संपत नाही.

पण तुमच्या पत्रातलं "स्वतःचाच आवाज घुमतो" हे वाक्य वाचून मी थांबले. कारण याच नळीचा बरोबर उलटा बिघाडही गरोदरपणात होतो. ती उघडीच राहते. सुरुवातीच्या महिन्यांत उलट्यांनी वजन उतरलं, तर नळीभोवतीची चरबीची छोटी गादी कमी होते, आणि हार्मोन्समुळे नळीच्या आतला ओलावाही बदलतो. मग आपलं बोलणं तर घुमतंच, पण श्वाससुद्धा कानात वाऱ्यासारखा येतो-जातो. रुग्णाला सांगताना ती याला दडाच म्हणते, म्हणून गल्लत होते.

दोन्हींतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. आडवं झाल्यावर किंवा मान खाली घालून बसल्यावर घुमणं लगेच कमी होत असेल, आणि चालताना-बोलताना वाढत असेल, तर नळी उघडी असण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मी रुग्णाला जोरात श्वास घ्यायला लावते आणि दुर्बिणीतून बघत राहते. प्रत्येक श्वासाबरोबर कानाचा पडदा आत-बाहेर हलताना दिसला की निदान झालं. हा फरक कळणं गरजेचं आहे, कारण उपाय उलटे आहेत. बंद नळीला वाफ, मिठाच्या पाण्याने नाक धुणं, डोकं थोडं उंच ठेवून झोपणं यांनी बरं वाटतं. उघड्या नळीला पाणी भरपूर पिणं, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि मधूनमधून आडवं होणं हे उपयोगी, आणि नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या किंवा थेंब घेतले तर त्रास वाढतो. तसंही मेडिकलमधून आणलेले नाक मोकळं करायचे थेंब गरोदरपणात स्वतःच्या मनाने घेऊ नका. आठवडाभराच्या वर गेले की औषध उतरल्यावर नाक आणखी चोंदतं आणि सवय सुटत नाही. सारखं नाक ओढून कान मोकळा करायची सवय लागली असेल, तर तीही सोडा. त्या क्षणी बरं वाटतं, पण पडदा हळूहळू आत ओढला जातो.

रात्रीचे ठोके. वाढलेलं रक्त जोराने वाहतं आणि कानाजवळच्या शिरांतून त्याचा आवाज येतो, दडा बसलेल्या कानात तर तो जास्तच जाणवतो. पण मी अशा प्रत्येकीचं हिमोग्लोबिन विचारते, कारण रक्त पातळ असेल तर हा आवाज वाढतो. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका ॲनिमियाच्या निघाल्या. गरोदरपणात 11च्या खाली गेलं की ते कमीच समजायचं. तुमचा शेवटचा रिपोर्ट काढून बघा, थायरॉइडचा आकडाही बघा. लोहाच्या गोळ्यांनी पोटात त्रास होतो म्हणून त्या मध्येच सोडल्या असतील, तर डॉक्टरांना तसं सांगा, दुसरी गोळी मिळते. आणि ठोक्यांबरोबर डोकं सतत दुखत असेल, नजरेसमोर चमकत असेल किंवा धूसर दिसत असेल, चेहरा-हात सुजले असतील, तर कानाचा विचार बाजूला ठेवून आधी बीपी मोजा. 140/90 किंवा वर असेल तर त्याच दिवशी तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. आठवड्याने येणाऱ्या तारखेची वाट बघायची नाही.

गरोदरपणात शरीर पाणी आणि मीठ धरून ठेवतं, त्याचा आतल्या कानातल्या द्रवावरही थोडा परिणाम होतो. गरोदर बायकांचे ऑडिओग्राम तीन-तीन महिन्यांनी काढून पाहिलेल्या अभ्यासांत खर्जातले, म्हणजे 500 हर्ट्‌झ आणि त्याखालचे आवाज थोडे मोठे केल्यावरच ऐकू येताना दिसले आहेत, पण बहुतेक नॉर्मलच्या मर्यादेत, आणि बाळंतपणानंतर ते पूर्ववत झाले. मेनिएरचा आजार, म्हणजे आतल्या कानातल्या द्रवाच्या बिघाडाने चक्कर येणारा आजार, आधीपासून असलेल्या बाईला मात्र या काळात चक्कर आणि दडा दोन्ही वाढू शकतात.

आता तुमच्या आईचं. मला वाटतं, तुमच्या प्रश्नातली खरी भीती इथे आहे.

आईसारखीच गोष्ट मी या भागात अनेक बायकांच्या तोंडून ऐकली आहे. "दुसऱ्या बाळंतपणात कान गेले." "सव्वा महिना व्हायच्या आधी डोक्यावरून पाणी घेतलं, कानात वारा शिरला." एक बाई आठवते, 34 वर्षांची, नवऱ्याची पिठाची गिरणी. तिला तिची नणंद घेऊन आली होती. बाई अगदी हळू आवाजात बोलत होती. मी विचारलं, गिरणीत गिऱ्हाईकाचं बोलणं कळतं का? म्हणाली, "गिरणी चालू असली की सगळं कळतं. बंद झाली की काही कळत नाही." नणंदेला वाटलं, ही काहीतरीच बोलतेय. पण माझं निदान निम्मं तिथेच झालं. गोंगाटात सगळेच आवाज चढवून बोलतात, आणि ज्याच्या कानात आवाज वाहून न्यायचा मार्ग अडलेला आहे त्याला तो गोंगाट तितकासा त्रास देत नाही. थॉमस विलिस नावाच्या इंग्लंडमधल्या वैद्याने सतराव्या शतकात अशीच एक बाई नोंदवून ठेवली आहे, शेजारी ढोल वाजत असला तरच तिला नवऱ्याचं बोलणं ऐकू यायचं.

मी 512 हर्ट्झचा कंपनकाटा वाजवून गिरणीवाल्या बाईच्या कानासमोर धरला. तिने मान हलवली, नाही. तोच काटा मिटत आलेला असताना कानामागच्या हाडावर टेकवला, तर तिने चटकन माझा हात धरला. "आता येतोय."

या आजाराला ओटोस्क्लेरोसिस म्हणतात. मधल्या कानात हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडं असतात. रिकीब सगळ्यांत छोटी, जेमतेम तीन मिलिमीटर. तिच्या तळाशी नवं हाड वाढतं, ती जागेवर जखडते आणि आवाज पुढे जात नाही. नस शाबूत असते, म्हणून हाडावरून ऐकू येतं, आणि स्वतःचा आवाज नीट येत असल्यामुळे माणूस हळू बोलतो. हा आजार बहुतेक वेळा विशी ते चाळिशीत दिसू लागतो, पुरुषांपेक्षा बायकांत जवळपास दुपटीने आढळतो, आणि घराण्यात चालतो.

यात बाळंतपणाचा हात किती? जुन्या पुस्तकांत तो पक्का धरलेला होता, आणि गरोदरपणांची संख्या वाढते तसा आजार वाढतो असं दाखवणारे अभ्यासही आहेत. पण 2005 साली अमेरिकेत हा आजार असलेल्या, मुलं झालेल्या आणि मुलं न झालेल्या बायकांच्या ऐकण्याची तुलना प्रसिद्ध झाली, तीत फरक आढळला नाही. माझा स्वतःचा कल असा आहे की काही जणींत हार्मोन्समुळे आधीच सुरू असलेला आजार पुढे सरकत असेल, पण नसलेला आजार बाळंतपण निर्माण करत नाही. शिवाय आपल्याकडे मुलं होण्याचं वय आणि हा आजार वर येण्याचं वय एकच आहे. ऐकणं आधीपासूनच हळूहळू उतरत असतं. मग घरात बाळ येतं, दुसऱ्या खोलीत ते रडलं की ते आधी नवऱ्याला ऐकू येतं, आणि तेव्हा कुठे बाईच्या लक्षात येतं की आपल्याला कमी ऐकू येतंय. दोष बाळंतपणाला लागतो.

म्हणून तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं अशी. आईला ओटोस्क्लेरोसिस असेल असं गृहीत धरलं, तरी तो दोष तुमच्यात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी, आणि दोष उतरलेल्या सगळ्यांनाच आजार होत नाही. तीन आठवड्यांत बसलेला दडा आणि घुमणारा आवाज हे तसंही त्या आजाराचं ठरावीक रूप नव्हे. आणि कानासाठी दुसऱ्या मुलाचा विचार सोडा, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही. हा आजार निघालाच तरी श्रवणयंत्र आहे, आणि ऑपरेशन आहे. जखडलेली रिकीब काढून तिथे टेफ्लॉनची बारीक दांडी बसवण्याची शस्त्रक्रिया 1956 पासून होते आहे. सराईत हातांत दहातल्या नऊ जणांचं ऐकणं चांगलं सुधारतं, शंभरात एखाद्याचा तो कान पूर्ण जाण्याचा धोकाही असतो, तो आधी समजावून घ्यायचा. गरोदरपणात मात्र ती करत नाहीत, थांबतात. गिरणीवाल्या बाईचं ऑपरेशन कान बधिर करून, ती जागी असतानाच केलं. दांडी बसवली आणि मी मास्कच्या आतून हळूच विचारलं, "काय स्वयंपाक करणार आज?" ती म्हणाली, "मोठ्याने कशाला बोलताय, येतंय की."

तुम्ही आता काय करायचं? या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कानात मळ असेल तर तो तिथल्या तिथे निघतो, आणि कधीकधी सगळा त्रास तेवढाच असतो. मग ऑडिओग्राम आणि इम्पिडन्स, या दोन तपासण्या. ऑडिओग्रामसाठी आवाज बंद केलेल्या खोलीत हेडफोन लावून बसायचं, बारीक आवाज आला की बटण दाबायचं, वीस मिनिटं. इम्पिडन्समध्ये पडदा आणि मधला कान कसा काम करतो ते बघतात, त्यात काही सेकंद कानात हलका दाब जाणवतो. दोन्हींत किरण नाहीत, सुई नाही, बाळाला कसलाही धोका नाही. "गरोदर आहे, नंतर बघू" असं या तपासण्यांबद्दल कुणी म्हणालं तर ऐकू नका. सीटी स्कॅनची गोष्ट वेगळी, तो थांबवता येतो. जिल्हा रुग्णालयात कानाचा विभाग असतो, आणि मुंबईच्या बाजूला असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत ऐकण्याच्या सगळ्या तपासण्या होतात. रिपोर्ट नॉर्मल आला तरी जपून ठेवा. बाळंतपणानंतर तीन महिन्यांनी पुन्हा काढायचा आणि शेजारी ठेवून बघायचा.

मूत्रमार्गाच्या किंवा दुसऱ्या इन्फेक्शनसाठी इंजेक्शन द्यायची वेळ आली, तर आईच्या ऐकण्याबद्दल डॉक्टरांना आधी सांगा. जेंटामायसिन, अमिकॅसिन या जातीची औषधं कानाच्या नसेला इजा करू शकतात, आणि काही घराण्यांत ती सहन न होण्याचा दोष आईकडूनच मुलांत येतो.

बाळंतपणासाठी माहेरी जाल तेव्हा कान बांधतील, कापसाचे बोळे घालतील. स्कार्फ खुशाल बांधा, उबेने बरं वाटतं आणि घरच्यांच्या मनालाही बरं वाटतं. पण वाऱ्याने ऐकणं जात नाही, आणि बोळा आत सरकवला तर मळ पुढे ढकलला जातो. लसूण घालून कडवलेलं तेल मात्र कुणालाही कानात घालू देऊ नका, तुमच्याही आणि बाळाच्याही. पावसाळ्यात तेल घातलेल्या कानात बुरशी वाढलेली मी दर वर्षी काढते. बाळाची ओएई ही ऐकण्याची तपासणी दवाखान्यातून घरी जायच्या आधी मागून घ्या. घराण्यात ऐकू कमी असल्यामुळे तुमच्या बाळासाठी ती जास्तच गरजेची आहे.

आणि ऑडिओग्रामला जाल तेव्हा आईला सोबत न्या. तुमच्या लिहिण्यात त्यांच्या तपासणीचा कुठेही उल्लेख नाही. बाळंतपणात कान गेले असं एकदा ठरलं, आणि बहुधा तिथेच सगळं थांबलं. आज 54व्या वर्षी, पाळी गेल्यानंतर, वयामुळे आतल्या कानाचाही थोडा भाग त्यात मिसळला असेल. त्यासाठी त्यांना हार्मोनच्या गोळ्या देऊ नका, त्यांनी ऐकणं सुधारतं असं दिसलेलं नाही. पण त्यांच्या कानामागच्या हाडावर कंपनकाटा टेकवला आणि त्यांना तो ऐकू आला, तर त्यांचं बरंचसं ऐकणं अजून परत मिळवता येईल. नंबर दोघींचा एकाच दिवशी घ्या.